साडेपाच हजारांवर

पाच हजारांपर्यंत गाडी सभ्य.
काटा साडेपाचला टेकला की
आरशातली मागची रिक्षा विरघळते,
टाकीखाली मोहोळ उठतं
आणि उजवी करंगळी
माझी राहत नाही.

करंगळीचं चालेल. पण तर्जनी?
सकाळी साडेसहाला कुणाच्या तरी दंडावर पट्टा आवळून
शीर शोधते ती हिच्याच भरवशावर,
डोळ्यांच्या नाही.
गेल्या मंगळवारी चेंबूरच्या सिंधी कॉलनीत
एका आजोबांना दोनदा टोचलं.
ते काही बोलले नाहीत. बिस्किट पुढे केलं.

स्कूटर घे, म्हणाले होते सगळे.
रक्ताच्या नळ्या पाठीवर घेऊन
असल्या गाडीवर पोटावर झोपून कोण हिंडतं?
मी हिंडते.
अकरा वर्षांची, दोन सिलिंडरची, निळी.
टाकीला कुणाच्या तरी गुडघ्यांनी घासलेले दोन पांढुरके डाग.
माझे गुडघे त्यांत बरोब्बर बसले.

कलिन्याच्या गावठाणात, क्रुसामागच्या गल्लीत,
बस्त्याव डिमेलो आधी गाडीकडे बघतच नाही.
उभ्याने थरथरते की पळताना?
दोन्ही.
पळताना क्लच दाबून सोडून दिलीस तर?
थांबते.
मग चाक नाही, चेन नाही. त्याने दोन बोटं मिटली.

इंजिन चालू करून थोड्या वेळाने
दोन्ही नळकांड्यांवर तांब्यातलं पाणी शिंपडलं.
दोन्हीकडे चर्र.
दोन्ही पेटतायत, म्हणाला, किंचित नाराज होऊन.
प्लग काढले, मारी बिस्किटाच्या रंगाचे. ठीक.
हँडलच्या टोकाचं उजवं वजन बाजारातलं निघालं, पोकळ.
हा चोर आहे. पण भुरटा.

मग लांब स्क्रूड्रायव्हर.
टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद.
मी साडेपाचवर काटा धरून उभी.
शीर लागायच्या आधी
मीही श्वास असाच अडवते.

इकडे ये.
पुढच्या माउंटिंगचा डावा बोल्ट.
वरून ताजा काळा रंग, खाली भलत्याच गाडीचं डोकं,
तीन सूत आखूड, ते झाकायला दोन वायसर.
फ्रेमच्या कानावर वेल्डिंगची गाठ.
पडलीय ही. डाव्या अंगावर. जोरात.

'एक मालक, कधीच पडलेली नाही.'
मे महिना, वडाळ्याचं आरटीओ, पंखा बंद,
आणि टिपणीसने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला,
डाव्या मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं.
सही करताना म्हणाला, कागद जरा धरता का?
मी धरला.
मी, जी दिवसभर लोकांचे हातच बघते.

फोन लावला तो भांडायलाच.
गाडी ठीक आहे ना? त्यानेच आधी विचारलं.
साडेपाचला थरथरते.
हो, म्हणाला.
बराच वेळ नुसता त्याच्याकडचा मिक्सर ऐकू आला.
माउंटिंगचा बोल्ट बघायला सांगा. डावा.
बघितला.
पाठ केलेली वाक्यं होती माझ्याकडे, चांगली धारदार.
विचारलं, हात कसा आहे?
पेला राहतो, म्हणाला. क्लच नाही राहत.

पोऱ्या कुर्ल्याहून खऱ्या मापाचा बोल्ट घेऊन आला
तोवर दिवे लागले होते.
टॉर्क पान्ह्याचा एकच टक.
साडेपाच हजार. आरशात टेम्पोचा नंबर वाचता आला,
शेवटचा आकडा सोडून.
बारीकशी उरलीय अजून, मी म्हटलं.
ती तिची. बस्त्याव हात पुसत होता.
साडेसातशे दे.

आखूड बोल्ट त्याला भंगारात टाकू दिला नाही.
नमुन्यांच्या पेटीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे,
कापसाच्या बोळ्यांशेजारी.
सायनच्या सिग्नलला ब्रेक मारला की
एकदा खडखडतो.