वरून

एस्टीममध्ये बसायचं असे.
आधी पाठ, मग गुडघे गोळा करून आत.
या नव्या एसयूव्हीत चढावं लागतं.
निर्मलामावशीसाठी डिकीत निळं प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय.
त्यावर उभी राहून ती दर वेळी विचारते,
"अगं, गाडी आहे की माळा?"

खोटं कशाला बोलू,
आवडते मला ही.
एकोणीस वर्षं पाम बीच रोडवरून गेले
आणि एकोणीस वर्षं दिसत आले
डंपरच्या चाकाचे नट,
दुभाजकाची काळी-पिवळी कड.
हिच्या खिडकीतून पहिल्याच दिवशी
कठड्यापलीकडची खाडी दिसली,
चिखलात कलंडलेली एक होडी.
म्हटलं, हेरंब, ही इथे कधीपासून?
तो म्हणाला, होडी, की खाडी?

सानपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगचे खांब मात्र
जुन्या मापाचे.
एस्टीम त्यांच्यात शिरायची
चष्म्याच्या घरात चष्मा शिरतो तशी.
हीसुद्धा शिरते. मग दार उघडत नाही.
चोपन्न वर्षांचा, अकाउंट्सचा मॅनेजर हेरंब
सीटांवरून रांगत डिकीतून उतरतो,
आणि वॉचमन तेवढा वेळ
पाण्याच्या टाकीकडे बघत राहतो.

हिला सगळं कळतं.
मागे कुत्रं आलं, पट्टा राहिला, की टुंग टुंग.
तिला काही कळत नसे,
मला तिचं कळायचं.
सकाळी बेल्ट चिरचिरला की
तुर्भ्याचा अल्ताफ म्हणायचा, "भाभी, आवाज ऐकवा,"
आणि मी फोन बॉनेटजवळ धरायची
तापलेल्या पोराच्या कपाळावर हात धरावा तसा.

पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत खेटे घातले,
ग्रीन टॅक्स भरला.
वीस भरत आली तेव्हा हेरंबने
खर्चाचा हिशेब छापून समोर ठेवला.
मी वाचला. बरोबर होता.

कोपरखैरण्याच्या मोटार ट्रेनिंगवाल्याने नेली.
एक्केचाळीस हजार, रोख.
कप्प्यातून निघाल्या टोलच्या पावत्या
आणि शुभदाच्या दहावीच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स.

परवा वाशीच्या सिग्नलला
ती आमच्या शेजारी येऊन थांबली.
डोक्यावर पिवळी पाटी,
आत पोपटी ओढणीतली मुलगी, ताठ बसलेली.
मी वरून बघत होते.
टपावर कॅरियरचे चार ठसे,
कणकवलीला गाद्या नेल्या होत्या तेव्हाचे.
एवढीशी? आम्ही पाच जण, गाद्या, फणस,
एवढ्याशा डब्यातून?

सिग्नल सुटला. ती बंद पडली.
पुन्हा सुरू, पुन्हा आचका, पुन्हा बंद.
मागे हॉर्नची रांग.
मला माहीत होतं, तिचा क्लच
फार वर पकडतो, अगदी शेवटाला,
पाय सुटेल असं वाटतं तिथे.
शिकवणाऱ्यालाही अजून कळलं नसावं.
मी काच खाली केली, वाकले,
ओरडून म्हटलं,
"अजून वर! पाय अजून वर येऊ दे!"

मुलीने मान वर करून
आधी आमचं बॉनेट बघितलं, मग मला.
म्हणाली,
"सॉरी मॅडम. घेते बाजूला."