मागचा जिना

पत्ता मालननं लिहून दिला होता,
लाइटबिलाच्या मागं, निळ्या रिफिलनं:
खणभाग, शाळा, मंगळवार-शुक्रवार, सात.
सात महिने तो कागद माझ्या खिशात होता
आणि त्याच खिशातनं मी क्वार्टरचे पैसे काढत होतो.
ऑइलचे डाग पडून पडून
शेवटी वाचता येत होतं फक्त ‘सात’.

कुपवाडला लेथवर होतो मी, तेवीस वर्षं.
शाफ्टवर दोन शतांश इकडंतिकडं झालं
तर माल परत येतो.
सकाळी मायक्रोमीटर धरला
की मोजतोय काय तेच कळायचं नाही,
लोखंड का हात.
साहेब काही बोलले नाहीत.
नुसतं ड्रिलवर टाकलं मला,
शिकाऊ पोरांच्या शेजारी.

जागा सापडली नाही, असं घरी सांगितलं दोनदा.
सांगलीत जन्म गेला माझा,
कुठल्या बोळात किती वाजता कोण उधार देतं
हे डोळे झाकून सांगितलं असतं,
शाळेला मात्र तीन फेऱ्या मारल्या
आणि फाटक दिसलं नाही.
चौथ्या फेरीला पानपट्टीवाला म्हणाला,
"मिटिंगला आलायसा न्हवं?
मागच्या जिन्यानं जावा, पुढं कुलूप असतंय."
एवढ्या मोठ्यानं, की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.
मी म्हटलं, नाही, पोराच्या दाखल्याचं काम होतं.
"व्हय," म्हणाला, "समदे दाखल्यालाच येत्यात.
जावा, सुरू झालं असंल."

वर इयत्ता तिसरी ब.
बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला.
भिंतीवर तेराचा पाढा,
एक डोळा गळालेला कागदी मोर.
दहाबारा माणसं. एक बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून.
मिरजेचा दस्तगीर चहा ओतत होता
आणि माझाच कप अर्धा भरला त्यानं.
"नव्या माणसाला अर्धाच," म्हणाला,
"सांडत नाही मग."

आडनाव कोणी विचारलं नाही.
हळदीच्या वखारीतला भूपाल बोलला:
पोरीच्या साखरपुड्यात बसलेलो आठवतंय,
लग्न फोटोत बघितलं.
कोणी हळहळलं नाही.
मग तो स्वतःच हसला, आणि त्याच्यामागं सगळे.

माझी पाळी आली. नाव सांगितलं.
पुढचं वाक्य काही केल्या येईना.
म्हटलं, मी टर्नर आहे.
"असू दे की," दस्तगीर म्हणाला,
"तेवढं खरं आहे न्हवं? आज तेवढ्यावर बसा."

बसलो. किती मंगळवार तेवढ्यावरच बसलो.

मग निवडणूक लागली, शाळेत बूथ आलं,
आम्ही कृष्णेच्या घाटावर, उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर.
दुकानं दोन दिवस बंद.
भूपाल म्हणाला, "आज सगळं गावच आपल्यात आलंय."
सगळे हसले, आणि त्या हसण्यात
माझ्या तोंडातनं निघून गेलं:
माझ्याकडं एक आहे. परवाच आणून ठेवली,
मोरीवरच्या टाकीमागं.
आणि त्याला लागूनच ते पुढचं वाक्य आलं,
एवढंसं, चार शब्दांचं.
पाण्याकडं बघत म्हटलं.

दस्तगीरनं स्कूटरला किक मारली. भूपाल मागनं.
घरी मी टाकीमागं हात घातला.
काहीच नाही. ओली वीट.
"काल ओतली," मालन दारातनं म्हणाली.
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही बोलता का ते बघत होते."
एवढं म्हणून ती आधण ठेवायला आत गेली.

अजून ड्रिलवरच आहे मी.
मायक्रोमीटर कधीमधी पोरांचा मागून धरून बघतो,
जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना.
मंगळवारी मागचा जिना.
पानपट्टीवाला चुना लावता लावता विचारतो,
"मिळाला का दाखला?"
म्हणतो, नाही ओ अजून.
परत यायला सांगितलंय शुक्रवारी.