तांबं नसलेली तांबी

डॉक्टरीणबाईंनी ती टेबलावर ठेवली.
पांढरी, टी अक्षरासारखी,
बोटाच्या सव्वा पेराएवढी. खाली दोन दोरे.
मी म्हटलं, ही तर तांबी.
धाकट्याच्या पाठीवर सीपीआरला मला बसवलेली,
सिस्टर म्हणाली होती, आता निवांत राहा बाई.

त्या म्हणाल्या, यात तांबं नाही.
औषध आहे. कणाकणानं सुटतं.

तेजल सोळाची.
महिन्यातले अकरा-अकरा दिवस जायचं तिचं.
भर एप्रिलात कमरेला स्वेटर बांधून पेपर दिले.
मग शाहू स्टेडियमवर हाफटाइमला जी खाली बसली,
ती शिट्टी झाली तरी उठेना.
रक्त सहावर.
दोन पिशव्या चढल्या, आणि गोळ्यांनी नुसती उलटी.

मी सुभाषनगरात चामड्याची वेणी घालते.
पट्टी किती ताणायची, कुठं सैल सोडायची
हाताला कळतं, डोळे मिटून.
त्या खुर्चीत मात्र हात गार पडले.
कागद पुढं आला. पालकाची सही.
कानात नणंदबाई :
लग्नाआधी? लोक काय म्हणतील?

लोक.
लोकांनी तिच्या चादरी धुतल्या नव्हत्या
पहाटे, नळाला गर्दी व्हायच्या आत.

बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता?
पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलते.
दार लागलं.
समोर भिंतीवर दोन लेकरांत अंतर ठेवणारं
हसरं कुटुंब, कोपऱ्यातून ओल आलेलं.
पाच मिनिटांची वीस झाली.
आतून एकदा हसू ऐकू आलं.
नंतर बराच वेळ काहीच नाही.

काय विचारलं असेल. काय सांगितलं असेल.
मी सही केली.
बाई म्हणाल्या, तिचीपण पाहिजे.
लेकीची सही मी पहिल्यांदा बघितली,
ल ची शेपटी पार चौकटीबाहेर.

केएमटीत ती ओटीपोटावर दप्तर दाबून बसलेली.
पहिले काही महिने ठिपके पडतील,
कळ येईल, घाबरू नका, असं सांगितलं होतं.
नणंदबाईंचा फोन आला.
रक्तवाढीचं औषध दिलंय, मी म्हटलं.
फोन ठेवल्यावर ती खिडकीकडं बघतच बोलली,
आई, खोटं कशाला?

बिंदू चौक गेला, तरी मला काही सुचेना.

कार्ड दिलंय, काढायची तारीख लिहून.
तोवर ती एकवीस.
मी म्हटलं, दे, ऑर्डरींच्या वहीत ठेवते, हरवशील.
तिनं दिलं नाही.
शिनगार्डच्या पिशवीत टाकलं
आणि चेन ओढली.