तिळीतेन्री?

खानापूरच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत
आप्पांचा अंगठा मी धरून ठेवलाय,
शाई अजून लागलेली नाही.
टेबलावर मळवीतल्या सोळा गुंठ्यांचा कागद.
साहेब विचारतात, "तिळीतेन्री?"
आप्पा मान हलवतात.

चाळीस वर्षं ते अशीच मान हलवत आले,
कानडी उताऱ्यापुढे, नोटिशीपुढे, सोसायटीत;
घरी येऊन मला विचारायचे,
"काय म्हणाला गं तो?"

आज विचारणार नाहीत.
मघाशी मला म्हणाले,
"बाई, माझी लेक येतीया,
तिला विचारल्याबिगर
कुठं अंगठा देत नाही मी."

भाऊ डोळ्यांनी खुणावतो.
औषधांची बिलं त्याच्या खिशात आहेत,
खरी आहेत.

साहेब पुन्हा विचारतात, "कळलं काय?"
मराठीत,
आणि माझ्याकडे बघून.