किती जड

सोहार बंदरात सहा वर्षं
एका शब्दावर निघाली: वाजिद.
ऊन वाजिद. काम वाजिद. पगाराला उशीर, तोही वाजिद.
खमीस फोरमनला कळायचं, मलबारी हॉटेलवाल्याला कळायचं.
खूप, फार, अति, पुष्कळ,
सगळ्यांचं एकच पोतं.

मग मला शिट्टी मिळाली, वॉकीटॉकी, हिरवं हेल्मेट,
आणि रोजच्या रोज भरायची इंग्रजी वही.

मार्चमधली गोष्ट. पाइपांचा गठ्ठा.
दोर ताणला तसा क्रेनचा डावा पाय
वाळूत बसायला लागला.
मी ओरडलो: व्हेरी हेवी, सर, व्हेरी हेवी!
वर केबिनमधून दोदोंगनं अंगठा दाखवला.
व्हेरी हेवी उचलायलाच तर क्रेन असते.
गठ्ठा आणखी हातभर वर.
मग खमीसनं अरबीतून शिव्या घातल्या,
त्या मात्र सगळ्यांना नेमक्या कळल्या.

कोणी मेलं नाही. एक पत्रा चेमटला, बस्स.
चौकशीत लोगनसाहेब म्हणाला,
परकार, तू टू का नाही म्हणालास?
व्हेरी हेवी म्हणजे जपून. टू हेवी म्हणजे थांब.
एवढ्याशा अक्षरात ब्रेक असतो!
दाभोळच्या शाळेत टू म्हणजे दोन,
फार तर, सुद्धा.

तेव्हापासून शुक्रवारी कपडे वाळत घातले की
वही घेऊन गच्चीवर बसतो.
रादर पहिल्याच दिवशी ओळखीचा निघाला.
आई कालवण चाखून म्हणायची,
मीठ अंमळ जास्त झालंय.
भावजय शेजारीच उभी असायची, म्हणून अंमळ.
फेअरली म्हणजे बऱ्यापैकी,
माझी मुलगी गणितात आहे तशी.
प्रेटी म्हणजे दर वेळी सुंदर नव्हे,
यावर खोलीतल्या मुनीरशी अर्धा तास भांडलो.
तो अजून मानत नाही.

अडलो क्वाइटपाशी.
लोगनसाहेब स्कॉटलंडचा. तो क्वाइट गुड म्हणाला
की समजावं, चालेल, पण पुन्हा कर.
टेक्सासचा डेल क्वाइट गुड म्हणाला
की समजावं, पाठीवर थाप येतेय.
वैतागलो. मग वाटलं, आपलं बरं तरी काय वेगळं?
ताप उतरला तरी बरं आहे,
नाही उतरला तरी फोनवर
बरं आहे.

काल रजेचा अर्ज भरला.
घरापासून किती काळ दूर, कारण लिहा.
बावीस महिने, लिहिलं. पुढे, व्हेरी लाँग.
खोडलं. त्यात नुसतंच जपून होतं.
टू लिहायला पेन टेकवलं
आणि वाळूत बसणारा तो पाय दिसला.
टू लिहिलं की थांबावं लागतं.
घराचा स्लॅब टाकायचा राहिलाय,
सिमेंटवाल्याची उधारी,
आणि जुबेदा, जी कधीच विचारत नाही कधी येणार,
फक्त विचारते, जेवलात का.

शेवटी लिहिलं, क्वाइट लाँग.
ज्याला जेवढं वाचायचं तेवढं वाचू दे.

अर्ज आधी कुणाच्या टेबलावर जातो,
लोगनच्या की डेलच्या,
एवढंच खमीसला विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
पेपर वाजिद, परकार, म्हणाला.
थांब.