लेंड्या मोजताना

डॉक्टर ऑल्डरटननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
चौकट रिकामी निघाली तर रकाना कोरा सोडायचा नाही.
शून्य लिहायचं.
कोरा म्हणजे तू गेलीच नाहीस.
शून्य म्हणजे गुडघे टेकलेस, पाहिलंस, आणि नव्हतं.

तर थेटफर्डच्या बाहेर, एप्रिलच्या बोचऱ्या वाऱ्यात,
वाळू आणि खडू मिसळलेल्या हलक्या जमिनीवर
मी मीटरभराची चौकट टाकते
आणि सशांच्या लेंड्या मोजते.
वाटाण्याएवढ्या, कोरड्या, आत गवताचा चुरा.
(मऊ असतात त्या इथे सापडत नाहीत,
त्या ससा स्वतःच खातो, बाहेर पडता पडता.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा शिसारी आली होती,
आता वाटतं, काय ही काटकसर.)

आमच्या भाषेत दोघांनाही ससाच म्हणतात.
पण आमच्याकडचा, माळावरचा, बीळ करत नाही,
गवतात नुसता दबून बसतो.
चंद्रावर आहे तो तोच असणार;
तिथली भोकं काही त्याने पाडलेली नाहीत.
हा इथला मात्र उकरतो.
उकरतो, कुरतडतो, म्हणून गवत बोटभर राहतं,
म्हणून वाळू उघडी राहते,
म्हणून त्या वाळूत करवानक अंडी घालायला येतो,
पिवळ्या डोळ्यांचा, रात्री ओरडणारा.
यंदा दोनच जोड्या आल्या.

जमीन डेरेक क्रॅस्कची. तो कुंपणाला टेकून बघत असतो.
त्याचा आजा सापळे लावायचा,
कातडी ब्रँडनला जायची, टोप्यांसाठी.
बापाच्या वेळी तो आजार आला,
पापण्या सुजलेले आंधळे ससे
रस्त्याच्या मधोमध बसून राहायचे.
"बापाने काठीने सुटका केली त्यांची,
आणि उरले त्यांच्या बिळांत धूर सोडला."
ससेहोलपट. शब्द माझ्या जिभेवर तयार होता,
त्याला इंग्रजीत सांगता येईना.
आता तोच डेरेक प्रकल्पाच्या पैशांत
पाइनच्या फांद्यांचे ढीग रचतोय,
सशांनी राहायला यावं म्हणून.
"आजा थडग्यात हसत असेल," म्हणतो, आणि दोरी आवळतो.

मंगळवारी एक मेलेला सापडला.
जखम नाही. अंग भरलेलं,
तोंडात अर्धं पान,
नाकाशी रक्ताचा एक थेंब.
गाडीच्या मागच्या फळीवर उघडला:
यकृत फिकट, जाळीदार, बोट लावलं की भुगा.
जुना विषाणू लहान पिल्लांना सोडून द्यायचा.
हा नवा सोडत नाही.
कुपीवर नंबर घातला, तारीख घातली.
बुटांवर औषध फवारलं, दोनदा.
डेरेकने थर्मासातला चहा पुढे केला
आणि त्या दिवशी आजाची गोष्ट काढली नाही.

रात्रीच्या कॅमेऱ्यात, ढीग क्रमांक सात:
मादी येते. कान मागे.
माती उकरते, आत शिरते.
म्हणजे पिल्लं आहेत.
आपल्याच पोटाचे केस उपटून तिने आत अंथरले असतील.
दिवसाकाठी एकदाच पाजते,
मग बाहेर येऊन दार बुजवते,
पंजांनी माती थोपटते
इथे कोणी राहत नाही असं दिसेपर्यंत.
मी घड्याळ लावून पाहिलं.
तीन मिनिटं, बावन्न सेकंद.
त्यानंतर उजाडेपर्यंत नुसतं गवत हलतं.

एकेचाळिसावी चौकट त्या ढिगापाशीच पडली.
गुरुवारी तिथे गुडघे टेकले.
ओली वाळू, शेवाळ, कुणाचं तरी एक पीस.
बुजवलेलं दार हाताच्या अंतरावर होतं, मला माहीत होतं,
आणि लेंडी एकही नव्हती.
नियम तो नियम.
शून्य लिहिलं.
पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली असावी,
खालच्या कागदावरही ते उमटलं,
पुढच्या आठवड्याच्या रकान्यात,
जिथे मी अजून गेलेही नव्हते.