डॉट इन

तपकीर गल्लीत बल्बांच्या माळांखालून आलात
की डाव्या हाताला एक जिना लागतो.
जिना दुसऱ्यांचा,
त्याच्या पोटातली तिरकी जागा आमची.
पाटीवर: पोळेकर आणि मंडळी. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन.
मंडळी म्हणजे बाबा,
एक स्टूल,
आणि बारावीनंतर मी.

वेबसाइटला नाव हवं होतं.
शेजारचा जिगर, चार्जर-केबलवाला,
म्हणाला, ताई, पाच मिनिटांचं काम.
तो बुधवार होता.
आज शनिवार.

पोळेकर कधीच गेलंय.
उघडलं तर पांढरं पान, मधोमध एक ओळ:
हे नाव विकणे आहे.
किंमत ऐंशी हजार.
बाबांना समजेना. म्हटलं, पूर्वी पीएमटीच्या खिडकीतून
रुमाल टाकून जागा धरायचे ना, तसं.
"तो रुमालवाला नंतर बसायचा तरी,"
म्हणाले, आणि कार्बन ब्रश घासत राहिले.

मग पूर्ण पाटीच टाकून पाहिली.
पण तिथे ळ नाही.
एल दिला तर पोलेकर. दोन एल दिले तर पोल्लेकर,
असे दक्षिणेकडून आलेले कुणी.
आणि मंडळीची मंदाली होते,
कुणाची तरी लांबची मावशी वाटते.
जिगर म्हणाला, चालतंय हो, वाचणारा घेतो समजून.

तुम्ही बाबांचा ळ पाहिलेला नाही.
दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक भांड्याला ते चिठ्ठी बांधतात,
नाव, तारीख, "जळका वास येतो".
त्यातला तो ळ,
आर्मेचरला गुंडाळत आणलेल्या तांब्याच्या तारेसारखा,
दोन वेढे, आणि जरासं टोक बाहेर.
ते टोक मला कुठल्याच चौकटीत बसवता येईना.

रात्री यादी केली. मिक्सरडॉक्टर (गेलेलं),
पुणेमिक्सर (गेलेलं),
फिरकी (पतंगवाल्याकडे),
पाती (हे मलाच नको वाटलं).
मग वाटलं, हे आपण काय करतोय?
या गावात पासोड्या विठोबा आहे, डुल्या मारुती आहे,
इथे देवांनासुद्धा स्वतःचं नाव
स्वतः ठेवता आलेलं नाही.

आज दुपारी फोन. कोथरूडहून कुणी बाई:
"हॅलो, जिन्याखालचे ना?"
हो म्हटलं, सवयीनं.
चटणी अर्धवट राहिली होती त्यांची, पाहुणे यायचे होते.
फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.
चौतीस वर्षांत एकानंही
पोळेकर आहेत का असं विचारलेलं नाही.

जिन्याखाली. टाकून पाहिलं.
मोकळं होतं. अर्थात.
सातशे रुपये, वर्षाला.
"वर्षाला? म्हणजे नावही भाड्यानं?"
बाबा, जिना तरी कुठे आपला आहे.
यावर ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले,
"आणि मंडळी?"
ते राहिलं, बाबा.
"हं."
एका इस्त्रीची वायर सोलली, परत गुंडाळली.

डॉट कॉम की डॉट इन, जिगरनं विचारलं.
इन म्हणजे इंडिया, तो म्हणाला, स्वस्तही पडतं.
बाबांनी चष्मा कपाळावर नेला,
बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं,
"जिन्याखाली. टिंब. आत."
थोडं थांबून,
"बरोबर आहे की. पण आत यायला वाकावं लागतं.
ते लिही. परवाच त्या सरपोतदारांना टेंगूळ आलंय."

तेव्हा साइट झालीये. अजून फोटो नाहीत,
दर नाहीत, "आमच्याविषयी" रिकामं आहे.
पहिल्या पानावर एकच ओळ, मराठीत,
बाबांनी चिठ्ठीवर लिहून दिली तशी:
डोकं सांभाळा.

त्यात तरी ळ आला.